एरेन्युमॅब: अर्धशिशीसाठी महिन्याकाठी एक इंजेक्शन

एरेन्युमॅब हे इंजेक्शन मी सहा महिने घेत आहे. ते वेदनाशामक नाही. डोके ठणकत असताना टोचून घेतले तर त्या वेळी आराम पडत नाही, झटके मुळातच कमी यावेत यासाठी ते असते. अमेरिकेत त्याला 2018 मध्ये मान्यता मिळाली.

त्याचे मोल मला त्याची कार्यपद्धती समजल्यावर कळले. झटक्याच्या वेळी चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या टोकांतून सीजीआरपी हे 37 अमिनो आम्लांचे न्यूरोपेप्टाइड, म्हणजे मज्जातंतूंचा संदेश नेणारा छोटा प्रथिनासारखा रेणू, बाहेर पडते. त्याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा संदेश टिपणारा भाग, एकट्या प्रथिनाचा नसतो. पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेले सीएलआर हे प्रथिन आणि त्याला बिलगलेले छोटे रॅम्प-1 हे प्रथिन मिळून सीजीआरपीसाठी खोबण तयार करतात. रॅम्प-1 च्या जागी रॅम्प-2 आले, की तेच सीएलआर अॅड्रेनोमेड्युलिन या दुसऱ्याच पेप्टाइडला दाद देऊ लागते, याचे मला अजूनही नवल वाटते. सीजीआरपी खोबणीत बसले, की पेशीच्या आतले संदेश पुढे नेणारे जी-प्रथिन जागे होते, सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैलावून ती रुंदावते. एरेन्युमॅब हे प्रतिपिंड ती खोबण अडवून ठेवते, पण रिसेप्टरला चालना देत नाही. शरीरातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे 28 दिवस लागत असल्याने महिन्याला एक मात्रा पुरते.

इंजेक्शनचे पेन फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावे लागते. मांडीची त्वचा ताणून ते काटकोनात टेकवायचे आणि बटण दाबायचे. पेनवरची खिडकी पूर्ण पिवळी होईपर्यंत हात हलवायचा नाही. थोडे चुरचुरते, एवढेच.

पहिल्या महिन्यात काहीच फरक जाणवला नाही आणि मी खट्टू झाले होते. तिसऱ्या महिन्यात मात्र डायरीतल्या डोकेदुखीच्या दिवसांच्या फुल्या निम्म्यावर आल्या, आणि जे झटके आले तेही लवकर ओसरले.

बद्धकोष्ठतेचा त्रास मात्र मला झाला, आणि तो या औषधाचा ज्ञात दुष्परिणाम आहे, कारण सीजीआरपी आतड्यांच्या हालचालीतही भाग घेते. काहींचा रक्तदाबही वाढतो. त्यामुळे आधीपासून रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांशी सविस्तर बोलल्याखेरीज हे सुरू करू नये, आणि परिणामाचा निवाडा तीन महिन्यांच्या आत करू नये.