पनामा सिटी: काही महिने राहून झाल्यावर पाहुण्यांना मी काय दाखवते, काय खायला घालते

जहाजवाहतुकीच्या कामासाठी पनामा सिटीत राहायला आले त्याला आता बरेच महिने झाले. तोकुमेन विमानतळ म्हणजे दक्षिण अमेरिकेकडे जाणाऱ्यांचा मोठा थांबा, त्यामुळे ओळखीचं कोणी ना कोणी इथून जात असतं आणि दोन दिवस मुक्काम करतं. त्यांना फिरवता फिरवता माझं एक मत पक्कं झालंय. या शहरात काय पाहायचं हे कुणीही सांगेल; किती वाजता पाहायचं हे जमलं तरच ते आवडतं. कालव्यातली जहाजं, भरती-ओहोटी, दुपारचा पाऊस, फोंड्यातलं (इथल्या साध्या खाणावळीतलं) जेवण, प्रत्येकाची वेळ ठरलेली आहे. ती चुकली की हाती राहतो उकाडा, रिकामा कालवा आणि थंड झालेला भात.

आधी कालवा, कारण सगळे त्याच्यासाठीच येतात. मिराफ्लोरेस म्हणजे कालव्यातली जहाजं वर चढवण्याची-खाली उतरवण्याची जागा; तिथली प्रेक्षकांची गॅलरी शहराच्या अगदी जवळ आहे. लोक हॉटेलात निवांत नाश्ता करून अकरा-बाराला तिथे पोहोचतात आणि उन्हात रिकाम्या पाण्याकडे बघत बसतात. सकाळी पॅसिफिककडून आत शिरणारी जहाजं इथून वर चढतात. अटलांटिककडून निघालेली जहाजं पूर्ण कालवा पार करून दुपारी तीनच्या आसपास इथे पोहोचायला लागतात. मधले काही तास बहुतेक वेळा सामसूम असते. म्हणून एकतर गॅलरी उघडताच जा, नाहीतर दुपार कलल्यावर. माझी पसंती सकाळला, कारण दुपारी पावसाची धास्ती असते.

तिथे उभं राहिल्यावर काय बघायचं, हे आधी माहीत असलं की मजा दुप्पट होते. मिराफ्लोरेसला दोन टप्पे आहेत आणि त्यांत जहाज सुमारे १६.५ मीटर वर उचललं जातं किंवा खाली उतरवलं जातं. यासाठी पाणी उपसणारा एकही पंप नाही. गातून तलाव समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २६ मीटर उंचावर आहे. तिथलं पाणी स्वतःच्या वजनाने खाली येतं आणि जहाज आत घेऊन दारं बंद केलेली कोठी (लॉक) भरते. १९१४ सालच्या या जुन्या कोठ्या ३३.५ मीटर रुंद आहेत. त्यांत सुमारे ३२ मीटर रुंदीचं जहाज शिरतं तेव्हा दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन फूट जागा उरते. रुळांवरची विजेची इंजिनं दोरखंड ताणून त्याला मधोमध धरून ठेवतात. स्थानिक लोक त्यांना ‘मुला’ म्हणतात, म्हणजे खेचर. २०१६ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या कोठ्या वेगळ्या आहेत. गॅलरीतून त्या बाजूची अजस्र कंटेनर जहाजं लांबून सरकताना दिसतात.

एक जहाज पार व्हायला सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी लागतं आणि ते शेवटी समुद्राला मिळतं. शहराचं पिण्याचं पाणीही त्याच तलावांतून येतं. २०२३ च्या दुष्काळात म्हणूनच रोज सोडल्या जाणाऱ्या जहाजांची संख्या कमी करावी लागली होती. इथे राहायला लागल्यापासून पावसाबद्दल कुरकुर करणं मी सोडून दिलंय. आणि हो, डेकवरचे खलाशी दिसले की हात जरूर करा. त्यांत भारतीय चेहरे पुष्कळ असतात. कोकणात घराघरांतून मुलं जहाजावर गेलेली आहेत, त्यांच्या रोजच्या कामाचा एक तुकडा इथे डोळ्यांसमोर दिसतो. मला तरी तो क्षण फार मोलाचा वाटतो.

परदेशी पाहुण्यांना तिकीट स्थानिकांपेक्षा बरंच महाग पडतं, तरी ते काढा. टॅक्सीऐवजी आल्ब्रूकच्या टर्मिनलवरून बस मिळते. इथल्या पिवळ्या टॅक्सींना मीटर नसतो, भाडं आधी ठरवावं लागतं. एका चालकाने माझ्याकडून नेहमीच्या तिप्पट भाडं मागितलं होतं. तेव्हापासून पाहुण्यांना मी अ‍ॅपवरची गाडी किंवा मेट्रोच सुचवते. २०१४ साली सुरू झालेली मेट्रो स्वच्छ आणि वातानुकूलित आहे, पहिल्या मार्गाचं तिकीट ३५ सेंट. चलन म्हणाल तर नोटा अमेरिकन डॉलरच्याच. बाल्बोआ हे नाव नाण्यांवर दिसतं आणि किंमत डॉलरइतकीच.

कास्को व्हिएहो, म्हणजे जुनं शहर, सकाळी आठ ते अकरा. ‘सिंको दे मायो’ मेट्रो स्थानकावर उतरून आव्हेनिदा सेंत्राल या पादचारी रस्त्याने चालत जावं. स्वस्त कपड्यांची दुकानं, फळांच्या गाड्या, लॉटरीची तिकिटं विकणाऱ्या बायका, मोठ्यांदा चाललेली गाणी, अशा गजबजाटातून सांता आना चौक येतो आणि मग जुनं शहर सुरू होतं. थेट गाडीने कास्कोत उतरणाऱ्यांना रंगवलेल्या बाल्कन्या दिसतात, पण त्याला लागून असलेलं हे जिवंत शहर निसटतं. मुख्य रस्ता सोडून एल चोरियोच्या गल्ल्यांत मात्र शिरू नका, अंधार पडल्यावर तर नकोच.

हे ‘जुनं’ शहरसुद्धा दुसरं आहे. १५१९ साली वसवलेलं पहिलं पनामा १६७१ मध्ये हेन्री मॉर्गन या समुद्री लुटारूच्या हल्ल्यात उद्ध्वस्त झालं आणि १६७३ पासून या चिंचोळ्या भूशिरावर नवं उभं राहिलं. पहिल्याचे अवशेष, पनामा व्हिएहो, काही किलोमीटर पूर्वेला आहेत. तिथल्या कॅथेड्रलच्या बुरुजावरून एका बाजूला पडक्या भिंती आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारती दिसतात. दोन दिवस हाताशी असतील तर जा, एकच असेल तर सोडा.

कास्कोत सान होसे चर्चमधली सोन्याची वेदी बघा. ती आधी पहिल्या पनामात होती आणि मॉर्गनच्या लुटारूंपासून काळा रंग फासून लपवली, अशी कथा सांगतात. पण मी जास्त वेळ काढते प्लासा दे फ्रान्सियात. कालव्याचा पहिला प्रयत्न १८८० च्या दशकात फ्रेंचांनी केला. पिवळा ताप, मलेरिया आणि अपघात यांत सुमारे २२,००० माणसं गेली असं मानतात. त्यांचं स्मारक इथे आहे, आणि पिवळा ताप डासांमुळे पसरतो हे मांडणाऱ्या कार्लोस फिनले या क्यूबन डॉक्टरांचीही तिथे आठवण ठेवलेली आहे. मिराफ्लोरेसला यंत्राचं कौतुक करून आल्यावर इथे दहा मिनिटं बसायलाच हवं.

तिथूनच बोगनवेलीच्या सावलीतला तटबंदीवरचा रस्ता सुरू होतो. गुना या आदिवासी समाजाच्या बायका तिथे ‘मोला’ विकायला बसतात. रंगीत कापडाचे थर एकावर एक ठेवून, वरचे थर नक्षीत कापून, कडा आत दुमडून हाताने शिवतात. कडेचे टाके जितके बारीक आणि एकसारखे, तितकं काम चांगलं. उलटी बाजूही बघून घ्या, हातशिलाई तिथे लगेच कळते. भावात फार घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं. एका चांगल्या मोलामागे कित्येक आठवड्यांची मेहनत असते.

आता जेवण. सुरुवातीच्या महिन्यांत मीही पाहुण्यांना कास्कोतल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटांत नेत असे. देखावा सुंदर, पण दर शहराच्या दुप्पट, आणि एका ठिकाणी दहा टक्के सेवाशुल्क बिलात धरलेलं असूनही वेगळी टिप मागितली गेली. बिलावर ‘प्रोपिना’ (टिप) लिहिलंय का ते बघून घेत चला. आता तिथे फार तर संध्याकाळी कॉफी. पनामाची कॉफी खरोखर घ्यावी अशी आहे: बोकेतेच्या डोंगरातली ‘गेशा’ जगातल्या सगळ्यांत महागड्या कॉफींपैकी एक. चहासारखी हलकी, फुलांच्या वासाची. ती दुधाशिवायच प्या.

खरं जेवण फोंड्यात. फोंडा म्हणजे साधी खाणावळ, काचेमागे वाफाळते ट्रे, बोट दाखवा आणि ताट भरून घ्या. चार-पाच डॉलरांत पोट भरतं. साडेअकरा ते साडेबारा ही वेळ उत्तम. दोननंतर चांगले पदार्थ संपलेले असतात. सकाळी ओहाल्द्रे (तळलेली फुगीर पोळी) आणि कारिमान्योला मिळतात. कारिमान्योला युका या कंदाच्या पारीत खिमा भरून तळतात; आपला साबुदाणा होतो तो याच कंदापासून. दुपारी सांकोचो घ्या: कोंबडी, न्यामे नावाचा कंद आणि कुलांत्रो घालून शिजवलेलं पातळसर सूप, सोबत भात. कुलांत्रोची पानं लांबट, पण वास आपल्या कोथिंबिरीच्या कुळातला, जरा जास्त उग्र. उकाड्यात गरम सूप कशाला, असं प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि खाल्ल्यावर पुन्हा मागतो. तिखट हवं असेल तर टेबलावरची आही चोम्बोची पिवळी बाटली आहेच. ती थेंबाथेंबाने घ्या.

शाकाहारी मंडळींनो, उपाशी राहण्याची वेळ येत नाही. भात, मसूर, घेवड्याच्या जातीच्या शेंगांचे दाणे, तळलेली कच्ची केळी (पाताकोनेस), पिकल्या केळ्यांचे गोड काप, सॅलड हे जवळपास सगळीकडे असतं. आणि ‘आरोस कोन गुआंदू’ नक्की मागा. गुआंदू म्हणजे आपली तूरच. ओले दाणे नारळाच्या दुधात भाताबरोबर शिजवतात. कालव्याच्या आणि रेल्वेच्या कामासाठी कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांचा या शहराच्या चुलीवर मोठा ठसा आहे, आणि हा भात त्याची सगळ्यांत रुचकर खूण. एक खबरदारी घ्या. मसूर आणि दाण्यांत डुकराच्या मांसाचे तुकडे चवीला घातलेले असू शकतात. नुसतं ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही, कारण त्याचा अर्थ अनेकदा फक्त गोमांस असा घेतला जातो. ‘नि पोयो, नि पुएर्को’ (कोंबडी नको, डुकराचं मांसही नको) हेही जोडा, शक्यतो हसून.

मासे खाणाऱ्यांसाठी कास्कोच्या कडेला मेर्कादो दे मारिस्कोस, मासळी बाजार. बाहेरच्या टपऱ्यांवर कपातून सेविचे मिळतं: लिंबाच्या रसात मुरवलेला कोर्विना मासा, कांदा, कुलांत्रो, तिखट. सकाळी उशिरा जावं, माल ताजा असतो आणि दुपारची गर्दी झालेली नसते. ज्यांचं पोट नाजूक आहे त्यांनी तळलेला अख्खा मासा आणि पाताकोनेस घ्यावेत. त्यातही कमी काही नाही.

दुपारी एक ते चार बाहेर फिरायचा हट्ट धरू नका. मे ते डिसेंबरच्या पूर्वार्धापर्यंत पाऊस बहुतेक याच वेळात कोसळतो. बायोम्युझिओ यासाठी बरं आहे. फ्रँक गेरी यांनी आखलेली ती रंगीबेरंगी छपरांची इमारत आमादोर कॉजवेवर, म्हणजे समुद्रात घातलेल्या बांधावरच्या रस्त्यावर आहे. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी ही जमिनीची पट्टी वर आली आणि दोन खंडांतले प्राणी एकमेकांकडे गेले, ती हकिगत आत छान मांडली आहे. कॉजवे स्वतः कालव्याच्या खोदकामातल्या दगडांचा बनलेला. मॉल टाळा, ते सगळीकडे सारखेच.

सकाळी लवकर उठणाऱ्यांसाठी आंकोन टेकडी राखून ठेवा. उंची फक्त १९९ मीटर, डांबरी रस्ता, जाऊन-येऊन दीड-दोन तास. सातच्या आत चढायला लागा. स्लॉथ, टुकान पक्षी, न्येके (सशाएवढा उंदराच्या जातीचा प्राणी) दिसण्याची शक्यता तेव्हा जास्त. माथ्यावर पनामाचा प्रचंड झेंडा आहे. ही टेकडी अनेक दशकं अमेरिकेच्या ताब्यातल्या कालवा-पट्ट्यात होती. ९ जानेवारी १९६४ रोजी त्या पट्ट्यात पनामाचा झेंडा फडकवायला निघालेल्या विद्यार्थ्यांवरून दंगल उसळली, माणसं मारली गेली. टेकडीखालच्या हमरस्त्याला त्या हुतात्म्यांचं नाव आहे. कालवा पूर्णपणे पनामाच्या हाती आला तो १९९९ च्या शेवटच्या दिवशी. हे माहीत असलेला माणूस वर जाऊन त्या कापडाकडे वेगळ्या नजरेने बघतो.

संध्याकाळ सिंता कोस्तेरावर. समुद्राकाठचा हा लांब रस्ता चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा आहे. भरतीची वेळ बघून जा. पॅसिफिकच्या या काठावर भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे ओहोटीला समोर नुसता चिखल असतो. तिथे रास्पाओ खा: आपल्या बर्फाच्या गोळ्यासारखाच, वर माराकुयाचं (पॅशनफ्रूटचं) सरबत आणि घट्ट गोड दूध. सूर्य समुद्रात बुडताना इथे दिसत नाही, कारण शहरापुढचा पॅसिफिक पूर्व-दक्षिणेला आहे. समुद्रावरचा सूर्योदय मात्र जरूर बघा.

निघण्यापूर्वीची कामं. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. अमेरिकेचा वापरलेला मल्टिपल व्हिसा असेल तर सवलत मिळू शकते, पण नियम बदलतात, दूतावासाकडून खात्री करा. वीज ११० व्होल्ट, प्लग अमेरिकन. शहरात नळाचं पाणी पिता येतं. आणि पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेऊन तिचं प्रमाणपत्र पासपोर्टसोबतच ठेवा. पनामातून भारतात परतताना ते नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागू शकतं.