'एक्स-फाइल्स' पुन्हा काढताय? आठवा सीझन की नववा

'द एक्स-फाइल्स' या अमेरिकन मालिकेचे पहिले सात सीझन तुम्ही कधी ना कधी पाहिलेत, काही केबलवर तुटकतुटक, काही नंतर. सातव्याच्या शेवटी परग्रहवासीयांवर विश्वास ठेवणाऱ्या एफबीआयच्या मल्डरला यान घेऊन गेलं आणि तुम्हीही तिथेच उठलात. बहुतेकांचं असंच झालं. आता ओटीटीवर सगळं आयतं मिळतंय, गंगापूर धरणातून पाणी सोडल्यामुळे संध्याकाळी गोदाघाटाकडे फिरकायची सोय नाही, आणि राहिलेल्या दोन सीझनना हात घालावा असं मनात आहे. आठव्याचे २१ भाग, नवव्याचे २०. दोन्ही मिळून तीस तासांच्या घरात जातं. सकाळी सातपूर-अंबडची ड्युटी गाठणाऱ्या माणसाला हा महिन्या-दीड महिन्याचा ऐवज झाला, म्हणून निवड करावीच लागते.

माझं मत आधीच सांगून टाकते: आठवा सलग बघा, नववा वेचून बघा. २०१६ आणि २०१८ मध्ये आलेले दहावा-अकरावा हे वेगळंच प्रकरण आहे, त्यांच्या वाटेला आत्ता जाऊ नका. आणि हो, पुढे कथा बरीच फुटणार आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी इथेच थांबावं.

या दोन सीझनची तुलना लोक एकाच हिशेबाने करतात: मल्डर किती दिसतो? त्या हिशेबाने निकाल लगेच लागतो. मल्डर साकारणाऱ्या डेव्हिड डुकॉव्हनीने १९९९ मध्ये फॉक्स कंपनीवर दावा लावला होता. मालिकेच्या पुनःप्रसारणाचे हक्क स्वतःच्याच वाहिन्यांना स्वस्तात देऊन आपला वाटा बुडवला, अशी त्याची तक्रार होती. पुढे तडजोड झाली आणि आठव्या सीझनमध्ये तो साधारण निम्म्या भागांपुरता आला. नवव्यात तो खऱ्या अर्थाने येतो तो थेट शेवटच्या भागात. (आठवा बघताना एक खूण लक्षात ठेवा: सुरुवातीच्या श्रेयनामावलीत डुकॉव्हनीचं नाव आलं तरच तो त्या भागात आहे. उगीच वाट बघत बसावं लागत नाही.)

पण मला हा निकष पुरत नाही. ही मालिका चालते ती वादावर. एक म्हणतो 'आहे', दुसरा म्हणतो 'पुरावा दाखव', आणि दोघांनाही एकमेकांचं म्हणणं मनापासून ऐकायचं असतं. नाशिककराला हा वाद समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे नारायण नागबळीसाठी त्र्यंबकला जाऊन आलेल्या काकू आणि अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) शिबिरांना जाणारा आतेभाऊ एका पंगतीला बसतात, आणि ताकभातापर्यंत पोचायच्या आत आवाज चढलेले असतात. तरी दर वेळी शेजारीच बसतात. हे असं शेजारी बसणं ज्या सीझनमध्ये टिकलं तो सीझन बघण्यासारखा, इतका सोपा माझा हिशेब आहे.

आठव्यात ते टिकलं, आणि वर त्याची बाजू पलटली. मल्डरची जोडीदार, सात वर्षं शंका घेणारी स्कली आता नाइलाजाने मल्डरच्या जागी उभी राहते. समोर येतो जॉन डॉगेट: आधी मरीन, मग न्यूयॉर्कचा पोलीस, आता एफबीआय. भूमिका रॉबर्ट पॅट्रिकची. हो, 'टर्मिनेटर टू'मधला तो वितळणारा पोलीस. पहिल्याच भागात तो ओळख लपवून स्कलीच्या शेजारी बसतो, मल्डरबद्दल गोड बोलून माहिती काढायला जातो, आणि ती ग्लासातलं पाणी त्याच्या तोंडावर मारते. त्या पाण्याने लेखकांचं मोठं काम केलं. नव्या माणसाला प्रेक्षक जितक्या रागाने बघणार होते, तितक्याच रागाने स्कली त्याच्याकडे बघते. मग पुढच्या दहा-बारा भागांत तिचा राग जसा उतरतो तसा आपलाही.

डॉगेट मूर्ख नाही, आणि चेष्टेखोरही नाही. जुन्या फायली घरी नेऊन वाचणारा तो माणूस आहे. परग्रहावर विश्वास नाही, पण समोरचा खोटं बोलत नाही एवढं त्याला कळतं. तिसऱ्या भागात, 'पेशन्स'मध्ये, स्कली मल्डरसारखाच स्लाइड प्रोजेक्टर लावून बसते, मल्डरसारखीच उडी मारून निष्कर्ष काढू बघते, आणि ते तिला जमत नाही. शेवटी ती मल्डरच्या नावाची पाटी टेबलाच्या खणात ठेवते. पाटी फेकत नाही, खणात ठेवते. अख्ख्या सीझनचा सूर तिथे लागतो.

त्यानंतरचा 'रोडरनर्स' व्हिन्स गिलिगनने लिहिलेला आहे, आणि जेवताना बघू नका. 'रेडरम'मध्ये तुरुंगात जागा झालेल्या एका वकिलाचे दिवस उलटे जायला लागतात. 'व्हिया निगेटिव्हा'त डॉगेट जवळजवळ एकटा आहे, आणि स्वप्न कुठे संपलं हे त्याला कळेनासं होतं. हे तीन भाग पहिल्या पाच सीझनच्या तोडीचे आहेत, असं मी कुणाशीही भांडून सांगेन.

आपल्यासाठी खास भाग म्हणजे दहावा, 'बदला'. नाव खरंच मराठी-हिंदीतलं 'बदला'. सुरुवात मुंबईच्या सहार विमानतळावर होते: पाय नसलेला एक भिकारी, चाकांच्या फळीवर बसून सरपटणारा, आणि त्या चाकांचा कुईं-कुईं आवाज. हा भाग जानेवारी २००१ चा. विमानतळाचं नाव १९९९ मध्येच बदललं होतं, पण अमेरिकेला जाणाऱ्या भावाला सोडायला रात्री गाडी करून कसारा घाट उतरणारे आपण तरी तेव्हा दुसरं काय म्हणत होतो? सहारच. हा भिकारी एका धिप्पाड अमेरिकन प्रवाशाच्या शरीरात शिरून वॉशिंग्टनला पोचतो. कसा शिरतो ते विचारू नका. भूमिका दीप रॉयची आहे. मागचं कारण असं की अमेरिकन कंपनीच्या भारतातल्या रसायन कारखान्यात गॅसगळती होऊन त्याचा मुलगा गेलेला आहे. म्हणजे भोपाळ, नाव न घेता.

तिकडच्या समीक्षकांनी या भागाला सीझनमधल्या सर्वांत वाईट भागांत टाकलं. त्यांचं अर्धं बरोबर आहे. 'भारतीय फकीर, त्याच्या अंगच्या सिद्धी' हे सगळं परदेशी माणसाच्या कल्पनेतलं आहे, आणि मुलगा गमावलेल्या बापाला ते संवादाची एक धड ओळ देत नाहीत. चीड येते. पण शेवटी स्कलीला डोळ्यांना शाळकरी मुलगा दिसत असतो आणि बुद्धी सांगत असते की हा तोच आहे. ती गोळी झाडते. नंतर ती कोसळते, कारण मल्डरसारखं बघायचा तिने आटोकाट प्रयत्न केला तरी तिला दिसला तो मुलगाच. स्कली साकारणाऱ्या जिलियन अँडरसनचं या सीझनमधलं सर्वांत चांगलं काम, सीझनमधल्या सर्वांत वादग्रस्त भागात. आतेभावाला हा भाग दाखवून काकूंशी चर्चा घडवून आणावी असं फार दिवसांपासून मनात आहे.

आठव्याची खोटही सांगायला हवी. मल्डरला आधीपासून मेंदूचा असाध्य आजार होता, असं इथे अचानक कळतं. सातव्या सीझनमध्ये त्याचा मागमूस नव्हता. ही सरळसरळ ठिगळपट्टी आहे. 'शुअरकिल' आणि 'सॅल्व्हेज' सोडून दिलेत तरी बिघडत नाही. 'सॅल्व्हेज'मध्ये धातूचा होत चाललेला माणूस आहे आणि त्याच्या मागे पॅट्रिक धावतोय, गंमत असलीच तर तेवढीच. मात्र चौदावा-पंधरावा, 'धिस इज नॉट हॅपनिंग' आणि 'डेडअलाइव्ह', अजिबात चुकवू नका. मल्डरचीच आठवण येत असेल तर चौदाव्यापासून शेवटपर्यंत बघितलं तरी चालेल.

आता नववा. तो सुरू झाला ११ नोव्हेंबर २००१ ला, म्हणजे न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यावर बरोबर दोन महिन्यांनी. सरकारच आपल्याशी खोटं बोलतंय या पायावर उभी असलेली मालिका बघायची अमेरिकेची मनःस्थिती तेव्हा नसणार, हे समजू शकतं. प्रेक्षक घटले आणि त्याच सीझनमध्ये गाशा गुंडाळला गेला. पण सगळा दोष काळाला देता येत नाही. मोनिका रेयेस ही नवी जोडीदार पहिल्यापासूनच सगळं मानायला तयार आहे. डॉगेट आधीच इतकं बघून बसलाय की त्याच्या शंकेत जोर राहिलेला नाही. स्कली क्वांटिकोत, एफबीआयच्या अकादमीत, शिकवते आणि बाळाच्या काळजीत फोन उचलते. तीन चांगली माणसं आहेत, पण कुणी कुणाला अडवत नाही. पंगत बसलेली आहे आणि सगळेच माना डोलावतायत. वर 'सुपरसोल्जर' नावाची न मरणारी माणसं, जी दर दोन-तीन भागांनी येऊन आधीच्या कटाचं आणखी कडबोळं करतात. शेवटचा दुप्पट लांबीचा 'द ट्रूथ' म्हणजे मल्डरवरचा लष्करी खटला. साक्षीदार येतात आणि नऊ वर्षांची कथा पुन्हा सांगून जातात. आपल्या कोर्टात एकदा जरी तारखेला बसला असाल, तर तो अनुभव तुम्हाला नवा नाही.

मग वेचायचं काय? 'फोर-डी', 'जॉन डो', 'ऑड्री पॉली', 'इम्प्रॉबेबल', 'रिलीज', 'सनशाइन डेज'. सहा भाग, सहा संध्याकाळी. 'इम्प्रॉबेबल'मध्ये बर्ट रेनॉल्ड्स देवाच्या भूमिकेत आहे आणि खुन्याचा माग अंकशास्त्राने लागतो. काकूंना आवडेल. 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' भाग म्हणून बेताचा, पण त्यात नावारूपाला यायच्या आधीचा ॲरन पॉल दिसतो. तेवढ्यासाठी बघायचा तर बघा.

यातला 'जॉन डो' मात्र आठव्या सीझनमध्येही वरच्या तिघांत बसला असता. मेक्सिकोतल्या एका गावात डॉगेट जागा होतो तेव्हा स्वतःचं नावही त्याला आठवत नाही, आणि एक जण त्याचा बूट काढून पळत असतो. हा एका बुटाचा माणूस त्याच्या मागे धावतो. ऊन इतकं पांढरं की रंग करपून गेलेत. स्मृती परत हवी असेल तर मुलगा मेल्याचं दुःखही परत घ्यावं लागेल, असा पेच आहे, आणि पॅट्रिक तो चेहऱ्यावर दाखवतो. दिग्दर्शिका मिशेल मॅकलॅरनचा हा पहिलाच भाग.

दोन्हीसाठी एक व्यवहाराची सूचना. चित्रीकरण गडद आहे, टॉर्चच्या उजेडातलं. जुन्या टीव्हीवर निम्मं काळं दिसायचं, ते आता स्वच्छ दिसतं, पण खोलीतला दिवा घालवलात तरच. सबटायटल्स लावा, डॉगेट पुटपुटतो.

आठवा 'एक्झिस्टन्स'वर संपतो: बाळ, मल्डर, स्कली, तिघं एका खोलीत. तिथे मालिका संपली असं धरून चालायला माझी काही हरकत नाही. नववा काढलाच तर पहिल्या दोन भागांना हात लावू नका. लूसी लॉलेस पाण्याखाली श्वास घेते, यापलीकडे त्यांत लक्षात राहण्यासारखं काही नाही. सातव्या क्रमांकावर 'जॉन डो' आहे, तोच लावा.