अहमदाबादची गुफा की मुंबईचा काळा घोडा? मराठवाड्यातून निघणाऱ्यांसाठी

शाळेत चित्रकला शिकवतो म्हणून पालक हमखास विचारतात, "सर, पोराला हात चांगलाय, आजची चित्रकला बघायला एकदा कुठं न्यावं?" खर्च एकाच सहलीचा झेपणारा असतो आणि हाताशी दोन-तीन दिवस असतात. अशा वेळी मी दोनच ठिकाणं सुचवतो. एक अहमदाबादची 'अमदावाद नी गुफा', म्हणजे जमिनीखाली बांधलेलं कलादालन. दुसरं मुंबईत काळा घोडा भागातली जहांगीर आर्ट गॅलरी आणि तिच्या शेजारची राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची इमारत. दोन्ही मी मुलांना घेऊन पाहिलीत, आणि दोन्हींकडून मुलं काय घेऊन येतात ते अगदी वेगळं असतं.

आधी गुफा. बाळकृष्ण दोशी या वास्तुरचनाकारानं ती उभारली आणि मकबूल फिदा हुसेन यांनी आतून रंगवली, 1990च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात. दोशींचा जन्म पुण्याचा, 1927चा. हुसेन यांचा पंढरपूरचा, 1915चा. म्हणजे गुजरातेतल्या या भुयाराशी आपलं नातं निघतंच. दोशींना 2018 साली प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला, वास्तुकलेतला सर्वांत मोठा, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय.

बाहेरून जमिनीवर काय दिसतं? कासवाच्या पाठीसारखे, एकमेकांत मिसळलेले पांढरे घुमट. फुटक्या कपबश्या आणि टाकाऊ फरशांचे तुकडे बसवून ते मढवलेत, आणि त्यांच्यावरून काळ्या तुकड्यांचा नाग सरपटत गेलाय. पायऱ्या उतरून आत गेलं की हवा बदलते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यातल्या तळघरात किंवा बळदात डोकावलेल्याला हा गारवा लगेच ओळखू येईल. उन्हाचा ताप टाळण्यासाठी दालन जमिनीखाली नेलं, हे मराठवाड्याच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आत सरळ भिंत नाही, कोपरा नाही. झाडाच्या बुंध्यासारखे वाकडेतिकडे खांब आहेत. जमीनसुद्धा सपाट नाही, मुलं आपोआप जपून पाऊल टाकतात. घुमटाचं कवच जेमतेम एक इंच जाडीचं आहे: जाळी आणि त्यावर सिमेंटचा गिलावा, ज्याला फेरोसिमेंट म्हणतात. आराखड्याचं गणित संगणकानं सोडवलं आणि काम आदिवासी मजुरांनी साध्या हातावजारांनी केलं. हुसेननी मग या वळणदार पृष्ठभागावर थेट रंगवलं. रेषा भिंतीवरून निघते ती कुठं छतावर गेली ते कळत नाही, कारण भिंत संपून छत सुरू होण्याची जागाच नाही. सिनेमाची मोठमोठी पोस्टरं रंगवलेला हा हात. त्या रेषेला खांद्यापासूनचा झोका आहे. मागच्या वेळी माझी सातवीतली एक मुलगी भिंतीपासून वीतभर अंतरावर हात हवेत धरून ती रेषा गिरवत चालत गेली आणि मान वर करता करता खाली बसली. तिला रेषेविषयी मी आणखी काही सांगितलं नाही.

छतातल्या नळकांड्यांसारख्या झरोक्यांतून ऊन आत येतं, त्याचे कवडसे जमिनीवर पडतात आणि सूर्याबरोबर सरकत जातात. इथं वेळेचं पक्कं धरा. गुफा दुपारी चारला उघडते, रात्री आठपर्यंत चालू असते, सोमवारी आणि सरकारी सुट्टीला बंद. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे कवडसे बघायला तुमच्याकडं दीड-दोन तासच असतात. चारच्या ठोक्याला दारात उभं राहा. निघण्याआधी एकदा फोन करून वेळ विचारून घ्या. दिवाळीच्या सुट्टीत मात्र जाऊ नका. लाभपाचमीपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, गुजरातेत बरंच काही बंद असतं.

आता उणी बाजू. गुफा लहान आहे. भराभर पाहणारा वीस मिनिटांत बाहेर येतो आणि "एवढ्यासाठी रात्रभर प्रवास केला?" असं त्याला वाटू शकतं. आतली चित्रं एकाच चित्रकाराची आणि कायमची आहेत. बदलती प्रदर्शनं वरच्या वेगळ्या दालनात लागतात. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना त्या पायऱ्या आणि ती जमीन सोयीची नाही.

मुंबईचं पारडं इथं जड होतं. नांदेड-परभणी-जालन्याकडून देवगिरी, लातूरहून लातूर एक्स्प्रेस. रात्री बसलं की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून काळा घोडा चालत पंधरा-वीस मिनिटं. मुक्कामाचा खर्चही वाचतो. जहांगीर 1952पासून चालू आहे, प्रवेश फुकट, मुख्य दालनं तळमजल्यावर. प्रदर्शनं सतत बदलतात आणि बहुतेक वेळा चित्रकार स्वतः दालनात बसलेला असतो. मुलाला सांगा, जाऊन विचार: हा रंग कसा लावला, किती दिवस लागले. आमच्या एका मुलानं थेट किंमत विचारली. त्या चित्रकारानं हसून शेजारी बसवलं आणि कॅनव्हास, फ्रेम, भाडं असा सगळा हिशेब त्याला कागदावर मांडून दाखवला. चित्रकला हा पोटापाण्याचा धंदाही असतो, हे त्या मुलाला त्या दिवशी समजलं. राष्ट्रीय संग्रहालयाला थोडं तिकीट आहे. 1911च्या सर कावसजी जहांगीर सभागृहात ते 1996 साली सुरू झालं. तेही सोमवारी बंद. आणि ज्याला पुढं चित्रकला शिकायला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जायचंय, त्यानं 1857 सालची ती संस्था निदान रस्त्यावरून तरी पाहावी. ती सीएसएमटीला लागूनच आहे.

मग निवडायचं कसं? मी पालकांना उलटा प्रश्न विचारतो: पोरानं वेरूळ नीट पाहिलंय का? सहलीत धावत पाहिलेलं नव्हे, बसून पाहिलेलं. दोशींच्या गुफेतल्या गोल-लंबगोल आकारांमागं अजिंठा-वेरूळची लेणी आहेत. वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्यात, ज्याला आपण सुतार झोपडी म्हणतो, दगडात लाकडी वाशांचं छत कोरलंय. तिथं मुलाला अर्धा तास बसवा. दगड काढून टाकत जागा कशी तयार झाली ते त्याला दिसू द्या. मग गुफेत त्याला कळतं की इथं उलटं घडलंय: जाळी आणि गिलावा थापत थापत पोकळी उभी केलीय. अजिंठ्यात चित्रासाठी आधी मातीचा गिलावा करून भिंत तयार केली आणि छत चौकटींत वाटून घेतलं. इथं चौकटच नाही. हे दोन्ही शेजारी ठेवून बघता येणं ही आपल्या भागातल्या मुलांची मोठी मिळकत आहे. मुंबई-पुण्याच्या मुलाला त्यासाठी वेगळा प्रवास करावा लागतो. (वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी.)

म्हणून माझं मत सरळ आहे. मूल बारावीच्या आसपास असेल, कलेचं शिक्षण घ्यायचं ठरलं असेल, किंवा घरातली वडीलधारी बरोबर असतील तर मुंबई. मूल दहा ते पंधरा वर्षांचं असेल आणि लेणी पाहून झाली असतील तर गुफा, रात्रीच्या प्रवासासकट. वास्तुकलेचं वेड असेल तर प्रश्नच नाही. गुफेशेजारीच दोशींनीच उभारलेलं सेप्टचं, म्हणजे वास्तुकला शिकवणाऱ्या विद्यापीठाचं, आवार आहे.

गुफा ठरली तर संभाजीनगरहून शुक्रवारी रात्री निघा, शनिवारी चारला आत जा. रविवारी सकाळी अहमदाबादजवळच्या अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बघा, 1499 सालची, पाच मजले खोल. सेलूजवळची वालूरची चक्राकार बारव पाहिलेली असेल तर पोरं तिथून लवकर हलणार नाहीत. चारला पुन्हा गुफेत या. पहिल्या दिवशी ती नुसती फिरतात, दुसऱ्या दिवशी बसून चित्र काढतात. वहीत डाव्या पानावर सुतार झोपडीचं रेखाटन आधीच केलेलं असू द्या, आणि समोरचं पान कोरं ठेवायला सांगा.