बागकाम शिकायचंय, चार लोकांच्या उपयोगीही पडायचंय: सोसायटीची गच्ची की टेकडी?

रोज सकाळी वीस मिनिटं निघत असतील तर गच्चीवरची सामायिक बाग. रविवारच मोकळा असेल तर टेकडीवर झाडं लावणं-जगवणं. पुण्यात एवढ्यावर निवड करता येते, पण दोन्हीकडे शिकायला मिळतं ते निराळं.

गच्चीवर निकाल लवकर लागतो. मेथी २५-३० दिवसांत काढणीला येते. बिघडली तर पुन्हा पेरायची. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) आला की लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी ढवळायचं, ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारायचं. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी तिचा बंदोबस्त, कारण ढेकणांची राखण त्याच करतात. वजनाचा हिशेब मात्र सगळ्यात आधी. मीटरभर लांब-रुंद वाफ्यात सहा इंच माती भरून भिजवली की अडीचशे किलोच्या आसपास भार होतो. म्हणून जाणती मंडळी माती कमी आणि पालापाचोळा, रसवंतीवरची चिपाडं, कंपोस्ट जास्त घालतात. कमिटी ‘गळती होईल’ म्हणणारच. वॉटरप्रूफिंग तपासून घ्या आणि गांडूळखत प्रकल्पाला महापालिका मिळकतकरात सवलत देते हेही कानावर घाला. पैशाची गोष्ट लवकर पटते.

वेताळ टेकडी किंवा तळजाईवर वर जेमतेम मुरूम, खाली काळा कातळ. जुलैत रोप लावायला आणि फोटोला गर्दी असते. खरं काम फेब्रुवारी ते मे. कॅन खांद्यावर घेऊन चढायचं, आळ्यात पाणी घालायचं, वाळकं गवत पसरायचं, वणव्यावर नजर ठेवायची. रोपाला दोन-तीन उन्हाळे तरी सांभाळावं लागतं. जागा वनखात्याची, त्यामुळे काय लावायचं ते आपल्या मनावर नाही. मला विचाराल तर झाड खऱ्या अर्थानं इथेच कळतं, पण भाजी हवी असणाऱ्यानं येऊ नये.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १९७०च्या दशकात सुरू झालेल्या ‘मास्टर गार्डनर’ योजनेत विद्यापीठ शिकवतं आणि बदल्यात ठरावीक तास लोकांसाठी काम करून घेतं. आपल्याकडे ही जुळणी स्वतःच करायची. शास्त्रशुद्ध शिकायचं तर शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात चौकशी करावी, जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात जाणकारांना गाठावं. कलम बांधणं नुसतं वाचून येत नाही, समोर कुणी करून दाखवावं लागतं. पण वर्गाला एक पावसाळा हात मळवून मगच जा, म्हणजे विचारायला प्रश्न असतील.

गच्ची निवडलीत तर मे महिन्यात सगळे गावाला गेल्यावर पाण्याची पाळी कुणाची, हे पहिल्याच मीटिंगमध्ये नावानिशी लिहून घ्या.