देणगीत आलेला पाच लिटरचा कन्सन्ट्रेटर गावात टिकतो का?

2021 च्या एप्रिल-मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या डॉक्टरांची ‘आपी’ ही संघटना, इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकून तिकडे स्थायिक झालेले डॉक्टर आणि गावोगावची मंडळं डॉलर गोळा करत होती. त्या पैशातून आलेली आणि सगळ्यात जास्त फोटोंत दिसलेली वस्तू म्हणजे पाच लिटरचा, म्हणजे मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारा, ऑक्सिजन कन्सन्ट्रेटर. ग्रामीण रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि संस्थांचे दवाखाने यांच्याकडे ती खोकी पोचली. हे परीक्षण त्या मशीनचं आहे आणि ते पाठवण्याच्या पद्धतीचंही. मशीनला पाचपैकी चार गुण. पाठवण्याच्या पद्धतीला दोन, तेही हात सैल सोडून.

आधी मशीन. हवेत 21 टक्के ऑक्सिजन आणि 78 टक्के नायट्रोजन असतो. कॉम्प्रेसर खोलीतली हवा ओढून झिओलाइटचे बारीक दाणे भरलेल्या नळकांड्यातून दाबाने सोडतो. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे जातो. नळकांडी दोन असतात. एक काम करतं तेव्हा दुसरं धरलेला नायट्रोजन बाहेर टाकतं आणि काही सेकंदांनी पाळी बदलते. मशीन चालू असताना ठरावीक वेळाने ‘फुस्स’ असा आवाज येतो तो हाच. तो आवाज बिघाडाचा नव्हे, उलट तो थांबला तर काळजी करायची. बाहेर येणारा ऑक्सिजन साधारण 87 ते 96 टक्के शुद्ध असतो. वजन 14 ते 18 किलो, खाली चाकं. फिलिप्सचं एव्हरफ्लो 14 किलोचं, डेव्हिलबिसचं 525 त्याहून दोनेक किलोंनी जड. दोन्ही एकटी सिस्टर वॉर्डात ढकलत नेऊ शकते, आणि खेड्यात ही गोष्ट फार मोलाची आहे.

सिलिंडरशी तुलना केली की याची खरी किंमत कळते. जंबो सिलिंडरमध्ये सुमारे 7000 लिटर वायू मावतो. मिनिटाला 5 लिटरने लावला तर 1400 मिनिटं, म्हणजे 23 तासांत संपतो. छोटा, 1500 लिटरचा, पाच तासांत. मग रिकामा सिलिंडर गाडीत टाका, भरून आणा. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये मेळघाटचा घाट. गडचिरोलीतल्या भामरागडला तर पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच पाण्याखाली. अशा ठिकाणी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन म्हणजे भरायला न्यावा न लागणारा सिलिंडर. चार गुण यासाठीच.

पाचवा गुण कापला तो मर्यादेमुळे, आणि ही मर्यादा 2021 मध्ये देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी दोघांनीही नीट सांगितली नाही. नाकातल्या नळीतून (कॅन्युला) 5 लिटर दिले की रुग्णाच्या श्वासात ऑक्सिजन जेमतेम 40 टक्क्यांपर्यंत जातो. मध्यम आजारी माणसाला तेवढं पुरतं. पिशवीवाल्या मास्कला 10 ते 15 लिटर लागतात. त्याला हे मशीन जोडलं तर पिशवी फुगतच नाही आणि रुग्ण स्वतःचीच सोडलेली हवा पुन्हा घेत राहतो. व्हेंटिलेटर यावर चालत नाही, कारण बाहेर पडणारा दाब फारच कमी असतो. दोन मशीन वाय-जोडणीने एकत्र करून 10 लिटर काढण्याचा प्रकार बऱ्याच ठिकाणी झाला. अँब्युलन्स येईपर्यंत वेळ काढायला ठीक, वॉर्डाची कायमची सोय म्हणून नाही. साधा नियम असा: 5 लिटरवर अर्ध्या तासात बोटावरचं मीटर 90 च्या वर स्थिरावत नसेल तर मशीनशी खटपट करत बसू नये, 108 ला फोन करावा.

आता ज्याने बरीच मशीन सुरुवातीलाच मारली त्या गोष्टीकडे येऊ. अमेरिकेत वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. आपल्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. घाईत तिकडच्या दुकानातून उचललेलं मशीन तिकडच्या विजेचं असतं. खोक्यात चपट्या पिनांचा प्लग निघतो, कुणीतरी बाजारातून वीस-तीस रुपयांचा अ‍ॅडॉप्टर आणतो, प्लग बसतो आणि मशीन जळतं. अ‍ॅडॉप्टर पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट नाही. हे वाक्य प्रत्येक खोक्यावर मराठीत चिकटवायला हवं होतं.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला तरी अर्धाच प्रश्न सुटतो. मशीन 350 वॅटचं असलं तरी कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर निदान 1 केव्हीएचा आणि तांब्याच्या वाइंडिंगचा हवा. मिक्सरसाठी मिळणारा 500 व्हीएचा तापतो आणि वास मारायला लागतो. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. साध्या इंडक्शन मोटरचा कॉम्प्रेसर 60 ऐवजी 50 हर्ट्झवर सुमारे एक षष्ठांश हळू फिरतो आणि जास्त तापतो. हवा कमी ओढली जाते, दाब नीट बनत नाही, आणि प्रवाह दाखवणाऱ्या फ्लोमीटरची गोळी 5 वर दिसत असली तरी शुद्धता घसरलेली असते. रुग्णाचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) वाढेना म्हणून त्याचा आजार बळावला असं समजतात, दोष मात्र मशीनमध्ये असतो. तेव्हा मागच्या पट्टीवर ‘230V 50Hz’ असं छापलेलं नसेल ते मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

वीज गेली की काय, हा पुढचा प्रश्न. 350 वॅटचं मशीन चोवीस तास चाललं तर 8.4 युनिट खातं. घरगुती इन्व्हर्टरची 150 एएचची एक बॅटरी कागदावर 1800 वॉट-अवर देते, प्रत्यक्षात हाती 1100 च्या आसपास लागतात. म्हणजे तीन तास, बॅटरी नवी असेल तर. त्यातही इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्हचा हवा, स्क्वेअरवेव्हवर कॉम्प्रेसर गुरगुरतो आणि तापतो. रात्रभर वीज जाणाऱ्या गावात मशीनच्या शेजारी भरलेला जंबो उभा पाहिजेच, आणि त्याचा रेग्युलेटर व पाना दोरीने सिलिंडरलाच बांधलेला. पाना शोधण्यात जाणारी पाच मिनिटं फार महाग पडतात. व्होल्टेज कमीजास्त होत असेल तर स्टॅबिलायझर, आणि मशीनला स्वतंत्र थ्री-पिन सॉकेट, अर्थिंगसह. पंखा, चार्जर आणि मशीन एकाच एक्स्टेंशनवर लावलं की एक्स्टेंशनची पिन वितळलेली सापडते.

रोजचं काम थोडं आहे, पण ते कुणाच्या तरी नावावर असायला हवं. मशीन भिंतीपासून फूटभर लांब, पडद्याला न टेकता ठेवायचं. मागची स्पंजाची जाळी कंपनी आठवड्यातून एकदा धुवा म्हणते. शेणाने सारवलेल्या किंवा मातीच्या अंगणाजवळ ती दर दोन दिवसांनी धुवावी आणि पूर्ण वाळवूनच लावावी. दोन जाळ्या असतील तर आलटून पालटून वापरता येतात. खोक्यासोबत बहुतेक वेळा एकच आलेली असते. आतला बारीक फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. चूल, उदबत्ती, विडी, तिघांनाही त्या खोलीत बंदी.

ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बबल बाटलीत डिस्टिल्ड वॉटर, दोन रेघांच्या मध्ये, रोज नवं. नळाचं पाणी नाही, बिसलेरीचंही नाही. ‘मशीन चालू आहे पण नाकात हवा येत नाही’ या तक्रारीचं कारण बऱ्याचदा या बाटलीचं झाकण असतं. आटे तिरपे बसलेले असतात आणि वायू तिथूनच निसटतो. तपासायला यंत्र लागत नाही. कॅन्युलाची टोकं पेल्यातल्या पाण्यात बुडवावीत, बुडबुडे आले पाहिजेत. मग नळी बोटांनी चिमटावी, बाटलीच्या व्हॉल्व्हने शिटी मारली पाहिजे. शिटी नाही म्हणजे गळती आहे. तपासून झाल्यावर टोकं पुसून घ्यावीत. कमी प्रवाहावर, पावसाळी हवेत, मोठ्या माणसाला बाटली काढून सरळ नळी जोडली तरी चालतं.

मशीनचं खरं मरण मात्र वापराने येत नाही, न वापरल्याने येतं. झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाण्याची वाफ जास्त प्यारी. मशीन बंद पडून राहिलं की कोकणातली किंवा गडचिरोलीतली पावसाळी हवा हळूहळू आत शिरते आणि दाणे ओलावा धरून बसतात. तो ओलावा मग सहजी सुटत नाही. बाहेरून मशीन नवंकोरं, दिवा हिरवा, आवाज बरोबर, आणि बाहेर येणारा ‘ऑक्सिजन’ साठ-सत्तर टक्क्यांचा. लाट ओसरल्यावर जी मशीन कपाटात गेली त्यांचं हेच झालं. यावर उपाय फुकटचा आहे: आठवड्यातून एकदा तासभर, 5 लिटरवर, रुग्ण असो वा नसो, मशीन चालवायचं आणि वहीत तारीख, मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरवरचे तास आणि शुद्धता लिहायची. शुद्धता मोजायला हातात मावणारा अल्ट्रासॉनिक अ‍ॅनालायझर लागतो. दहा मशीनमागे एक पुरतो. 2021 च्या खोक्यांत तो जवळपास नसायचाच, आणि पद्धतीचे गुण कापले ते इथे.

पद्धतीबद्दल आणखी थोडं. सप्टेंबर 2020 मध्ये परदेशी देणगीचा कायदा (एफसीआरए) बदलला. परदेशी निधी मिळालेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येईना, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली, आणि खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उघडणं सक्तीचं झालं. ऐन लाटेच्या सहा महिने आधी. तोवर मुंबई-पुण्याची मोठी संस्था पैसे घेऊन तालुक्यातल्या छोट्या संस्थेला द्यायची, ती वाट बंद झाली. म्हणून पैशापेक्षा वस्तू पाठवणं सोपं वाटलं. फुकट वाटपासाठी आलेल्या मदतीच्या सामानावरचा, आयात करताना लागणारा आयजीएसटी करही 3 मे 2021 ला माफ झाला, पण त्यासाठी राज्याच्या नोडल अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागायचं. वस्तूही कायद्याच्या दृष्टीने परदेशी देणगीच, हे मात्र अनेकांना उशिरा कळलं.

आजही कुणाला मदत करायची असेल तर आधी स्वतःचा पासपोर्ट बघावा. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी डॉक्टरने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगीत मोडत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या, ओसीआय कार्ड असलेल्या डॉक्टरचे मोडतात. त्याने एफसीआरए नोंदणी असलेली आणि स्वतः त्या भागात काम करणारी संस्था गाठावी. आणि मशीन तिकडून विमानाने न धाडता इथेच घ्यावं. व्होल्टेजचा प्रश्न मिटतो, वॉरंटी इथली मिळते, दुरुस्तीवाला जिल्ह्याच्या गावी असतो आणि विमानभाड्याच्या पैशात सुटे भाग येतात.

एका मशीनमागे मागवायचं सामान: मोठ्यांच्या कॅन्युला 20, लहान मुलांच्या 10, बबल बाटल्या 2, स्पंजाच्या जाळ्या 4, आतले फिल्टर 2, स्टॅबिलायझर, आणि बालरोग विभाग असेल तर 0 ते 2 लिटरचे छोटे फ्लोमीटर लावलेला स्प्लिटर. हा स्प्लिटर म्हणजे या मशीनचा सर्वांत उत्तम उपयोग. न्यूमोनियाच्या तान्ह्या बाळाला अर्धा ते दोन लिटर पुरतात, एका मशीनवर तीन-चार मुलं निघतात. करोना नसतानाही. चुलीच्या धुराने फुप्फुसं गेलेल्या बायकांनाही 1-2 लिटर पुष्कळ होतात, फक्त त्यांचं सॅच्युरेशन 88 ते 92 मध्येच ठेवायचं. 98 करायच्या नादात फ्लोमीटरची गोळी वर सरकवू नये.

तीस खाटांच्या वर मात्र कन्सन्ट्रेटरांचा ढीग मागवण्यात अर्थ नाही. नंदुरबारने सप्टेंबर 2020 मध्येच मिनिटाला 600 लिटरचा ऑक्सिजन प्रकल्प बसवला होता. तेवढ्यासाठी अशी 120 मशीन लागतील, 120 सॉकेटांसकट.

2021 चं मशीन अजून कोपऱ्यात उभं असेल तर तास-मीटर बघा. 40-50 तासांवर अडकलेला काटा म्हणजे ते कधी चाललंच नाही. जाळी धुवा, वाळवा, मशीन 5 लिटरवर लावून वीस मिनिटं थांबा आणि मग मोजा. 87 च्या वर असेल तर वॉर्डात घ्या. 82 ते 87 असेल तर दोन-तीन दिवस रोज काही तास चालवून पुन्हा मोजा, कधीकधी आकडा वर येतो. तोवर 1-2 लिटरवाल्या रुग्णालाच लावा. 82 च्या खाली असेल तर रुग्णाला लावू नका. सीव्हची, म्हणजे झिओलाइटच्या नळकांड्यांची, जोडी मिळाली तर बदलून घ्या, नाही मिळाली तर कॉम्प्रेसर, पंखा, फ्लोमीटर आणि चाकं काढून ठेवा, शेजारच्या केंद्रातल्या त्याच मॉडेलला लागतील.