जुन्या रेडिओची प्रोग्रामिंग केबल: सेटला लावण्याआधी फसवणूक कशी पकडावी

जुना मोबाइल रेडिओ सेट, म्हणजे गाडीत बसवायचा वायरलेस, चांगल्या अवस्थेत हाती येतो, कॉम्प्युटरला जोडून त्याचे चॅनेल बदलायचे असतात, आणि त्यासाठी केबल शोधताना जाहिरात दिसते: ‘सर्व कंपन्यांच्या सेटना चालणारी यूएसबी केबल, सोबत सॉफ्टवेअरची सीडी मोफत.’ यातला जवळपास प्रत्येक शब्द तपासून घ्यावा लागतो. पैसे बुडतात हे एक झालं. त्याहून वाईट म्हणजे यातल्या काही केबल धडधाकट सेट कायमचा मारतात.

आधी ‘यूएसबी’ बघू. मोटोरोलाच्या जीएम३०० किंवा मॅक्सट्रॅकसारख्या सेटचं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे आरएसएस, डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर चालतं आणि सिरियल पोर्टच्या (जुन्या कॉम्प्युटरवरच्या नऊ पिनांच्या जोडणीच्या) हार्डवेअरशी थेट बोलतं. पहिला सिरियल पोर्ट कॉम१ म्हणजे पत्ता ३एफ८, इंटरप्ट ४. कॉम२ म्हणजे २एफ८, इंटरप्ट ३. यूएसबी केबलला असा पत्ताच नसतो, आणि साध्या डॉसला ती दिसतही नाही. ६४-बिट विंडोजवर तर हे १६-बिट प्रोग्रॅम उघडतच नाहीत. म्हणजे यूएसबी केबल आणि डॉसचं सॉफ्टवेअर एकाच पाकिटात विकणाऱ्याने ती जोडी कधी चालवून पाहिलेली नसते. डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समधून कॉम पोर्ट जोडून काही प्रोग्रॅम चालतात, पण या सॉफ्टवेअरचं वेळेचं गणित ३८६-४८६ या जुन्या संथ प्रोसेसरच्या काळातलं आहे. वेगवान मशीनवर ते चुकतं, आणि लिहिणं मध्येच तुटलं की सेटमधला कोडप्लग, म्हणजे चॅनेल आणि सेटिंगची साठवलेली माहिती, बिघडतो. अशा सेटसाठी खरा सिरियल पोर्ट असलेला जुना, संथ कॉम्प्युटर आणि रिब बॉक्स (कॉम्प्युटर आणि सेट यांच्यामध्ये व्होल्टेज जुळवून देणारी डबी) हाच भरवशाचा मार्ग आहे.

विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला यूएसबी केबल चालते, पण तिथे फसवणूक केबलमधल्या, यूएसबीचं सिरियलमध्ये रूपांतर करणाऱ्या चिपमध्ये असते. प्रोलिफिकच्या पीएल२३०३ ची नक्कल सर्वांत जास्त आढळते. नवा ड्रायव्हर ती ओळखतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेसह ‘कोड १०’ येतो, किंवा पोर्टच्या नावाच्या जागी ‘पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२’ असं झळकतं. हा संदेश नकली चिपबरोबर खऱ्या पण बंद झालेल्या जुन्या चिपलाही येतो, त्यामुळे एवढ्यावर नकलेचा आरोप सिद्ध होत नाही; मात्र ‘नवी कोरी’ म्हणून घेतलेल्या केबलवर तो येणं परत करायला पुरेसं कारण आहे. विक्रेता मग ३.२ चा जुना ड्रायव्हर टाकायला सांगतो. तो चालतोही, पण विंडोज अपडेट तो पुन्हा बदलून टाकतं. एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीच्या चिपच्या नकलांचं आणखी वाईट झालं: २०१४ मध्ये अपडेटमधून आलेल्या ड्रायव्हरने नकली एफटी२३२ चा ओळख क्रमांक ६००१ वरून ०००० केला आणि केबल दिसेनाशा झाल्या. सीएच३४० स्वस्त चिप आहे, पण ती उघडपणे सीएच३४० म्हणून विकली जाते, त्यात लबाडी नाही. एफटीडीआय सांगून सीएच३४० पाठवली तर ती लबाडी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघा: ०४०३ एफटीडीआय, ०६७बी प्रोलिफिक, १ए८६ सीएच३४०. नकली चिपही खऱ्याचाच क्रमांक सांगते, म्हणून या तपासणीत फक्त सरळ अदलाबदल पकडली जाते.

आता सेट मारणारी केबल. कॉम्प्युटरच्या आरएस-२३२ (म्हणजे सिरियल) पोर्टवर स्वस्थ अवस्थेत उणे व्होल्टेज असतं. मानकानुसार उणे ३ ते उणे १५. रेडिओच्या प्रोसेसरला ० ते ५ व्होल्टचा, आणि उलट्या दिशेचा सिग्नल लागतो. मधलं रूपांतर मॅक्स२३२ सारखी चिप करते. लबाड केबलमध्ये हे काहीच नसतं: नऊ पिनांच्या कनेक्टरपासून माइकच्या प्लगपर्यंत सरळ तारा. ती लावताच प्रोसेसरच्या पिनवर उणे दहाच्या आसपास व्होल्ट जातात. सेट चालू होतो, ऐकू येतं, बोलताही येतं, पण प्रोग्रामिंगची लाइन मेलेली असते. मग ‘तुमचा सेटच खराब होता’ हे वाक्य ठरलेलं. काही नंतरच्या सेटमध्ये हे रूपांतर आतच असतं आणि त्यांना सरळ तारा चालतात. म्हणूनच ‘सर्व सेटना एक केबल’ हे शक्य नाही.

तपासणी मल्टिमीटरने होते, सेट न लावता. केबल कॉम्प्युटरला लावा. रिब असेल तर त्याचा वीजपुरवठाही द्या. सेटकडच्या प्लगची जी पिन कॉम्प्युटरकडच्या कनेक्टरच्या पाच नंबरच्या पिनशी किंवा यूएसबीच्या धातूच्या कवचाशी जोडलेली असते ती ग्राउंड. काळा प्रोब तिथे. लाल प्रोब बाकीच्या प्रत्येक पिनवर. शून्य ते पाचच्या मधलं काहीही चालेल. उणे दिसलं, किंवा पाचाच्या बरंच वर दिसलं, तर ती केबल टीटीएल (० ते ५ व्होल्टच्या सिग्नलच्या) सेटला लावूच नका.

प्लगच्या आकारावरही जाऊ नका. केनवूडची केपीजी-४६ आणि आयकॉमची ओपीसी-११२२ दोन्ही आठ पिनांच्या माइक जॅकमध्ये बसतात, पण पिना वेगळ्या आहेत आणि जॅकच्या एका पिनवर माइकसाठी सेटमधून वीज येत असते. टोकं बदलणाऱ्या ‘आठ-इन-वन’ केबलमध्ये नेमकी हीच अदलाबदल होते.

विक्रेत्याचा व्हिडिओ पुरावा धरू नका. एकतारी बसवर, म्हणजे पाठवणं आणि ऐकणं एकाच तारेवरून होतं तिथे, पाठवलेली अक्षरं त्याच तारेवरून परत येतात, सेट नसला तरी. टर्मिनलमध्ये अक्षरं उमटली किंवा दिवा लुकलुकला, यावरून रेडिओने उत्तर दिलं असं ठरत नाही. सेटचा मॉडेल क्रमांक आणि चॅनेल स्क्रीनवर वाचून आले, तेव्हाच केबल चालली म्हणा.

सीडीतलं सॉफ्टवेअर बहुधा बेकायदा प्रत असते. पासवर्ड लावलेली झिप फाइल आणि ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही सूचना एकत्र आली की ती उघडू नका. पासवर्डमुळे स्कॅनरला आतलं दिसत नाही. चुकीच्या आवृत्तीने लिहिणंही तितकंच धोक्याचं. आधी फक्त वाचा, फाइल जपून ठेवा, तीच फाइल न बदलता परत लिहा, आणि सेट नीट चालला तरच चॅनेलला हात लावा. लिहिताना १३.८ व्होल्टचा स्थिर पुरवठा हवा.

या सौद्यात वेळ घालवणं हेच विक्रेत्याचं मुख्य हत्यार असतं. दुसरा ड्रायव्हर, दुसरा पोर्ट, दुसरं विंडोज असं सुचवत परतीची मुदत निघून जाते. म्हणून पाकीट उघडल्याच दिवशी हार्डवेअर आयडीचा स्क्रीनशॉट, पिनांवरचे व्होल्टेज दाखवणारे मीटरचे फोटो आणि जाहिरातीची प्रत जमवा, आणि तक्रार फोनवर न करता लेखी करा.