‘टेक इट डाउन’ : शाळेच्या पत्रातल्या एका ओळीमुळे कळलेली सेवा

आम्ही अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्याच्या यॉर्क काउंटीत राहतो. माझा मुलगा गेल्या वर्षी नववीत गेला, तेव्हा शाळेकडून आलेल्या लांबलचक ईमेलमध्ये, बसच्या वेळा आणि जेवणाच्या पैशांच्या सूचना यांच्या अधेमधे, ‘गॅव्हिन्स लॉ’ या कायद्याबद्दल एक परिच्छेद होता आणि त्याच्या शेवटी, अल्पवयीन मुलांचे खासगी फोटो इंटरनेटवरून काढून टाकायला मदत करणाऱ्या ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेच्या संकेतस्थळाचा पत्ता दिला होता. मुलाला शेजारी बसवून मी ही सेवा पाहिली आणि तिच्याबद्दल मिळेल ते वाचून काढले. किशोरवयीन मुलांच्या मराठी पालकांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

आधी कायद्याविषयी सांगते, कारण तो नसता तर ही सेवा मला कळलीच नसती. आमच्याच काउंटीतल्या रॉक हिल गावच्या 17 वर्षांच्या गॅव्हिन गफी या मुलाशी इन्स्टाग्रामवर मुलगी असल्याचे भासवून कुणीतरी ओळख वाढवली, खासगी फोटो मिळवले आणि पैशांसाठी धमकावायला सुरुवात केली. जुलै 2022 मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याचे वडील ब्रँडन गफी त्याच वर्षी राज्याच्या विधानसभेवर निवडून आले आणि त्यांनी पुढाकार घेतलेल्या विधेयकाचा 2023 मध्ये कायदा झाला. लैंगिक फोटोंच्या धाकाने उकळलेली खंडणी हा आता राज्यात स्वतंत्र गंभीर गुन्हा आहे आणि बळी पडलेली व्यक्ती अल्पवयीन असेल, तर 20 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण धमकावणारा बहुतेक वेळा समुद्रापार बसलेला असतो, त्याला आमच्या राज्यातल्या शिक्षेची भीती कितपत वाटेल याची मला शंका आहे. गॅव्हिनच्या प्रकरणातला आरोपी नायजेरियाहून इथे आणायला जानेवारी 2025 उजाडले. म्हणूनच शाळांनी विद्यार्थ्यांना आणि पालकांना या गुन्ह्याची माहिती दिलीच पाहिजे, ही त्याच कायद्यातली तरतूद मला शिक्षेपेक्षा मोलाची वाटते.

‘टेक इट डाउन’ ही सेवा नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन ही हरवलेल्या आणि शोषणाला बळी पडलेल्या मुलांसाठी काम करणारी अमेरिकन संस्था फेब्रुवारी 2023 पासून चालवते. वयाची 18 वर्षे पूर्ण होण्याआधी काढलेला नग्न किंवा अर्धनग्न फोटो अथवा व्हिडिओ कुणी पसरवला असेल, किंवा पसरवण्याची धमकी दिली असेल, तर तिची मदत घेता येते. मूल स्वतः अर्ज करू शकते, त्याच्या वतीने पालक करू शकतात, आणि लहानपणीच्या फोटोची चिंता लागून राहिलेली सज्ञान व्यक्तीही करू शकते. नाव सांगावे लागत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. तो आपल्याच फोनवर निवडायचा, तिथल्या तिथे त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे आकडे आणि अक्षरे यांची एक मालिका तयार होते आणि तेवढीच संस्थेकडे जाते. ठशावरून कुणाला फोटो पुन्हा घडवता येत नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट अशा सहभागी कंपन्यांना ही यादी मिळते आणि त्या ठशाशी जुळणारा फोटो आढळला, तर त्या तो काढून टाकू शकतात. आपला फोटो आणखी एका अनोळखी माणसाला दाखवावा लागेल, या लाजेनेच जी मुले गप्प बसतात, त्यांची अडचण या रचनेने खरोखर दूर केली आहे. मला ही सेवा मनापासून आवडली ती याच कारणासाठी.

आम्ही दोघांनी फोटो निवडायच्या टप्प्यापर्यंत जाऊन पाहिले आणि तिथे थांबलो, कारण खोटा अर्ज करून त्या यादीत भर घालणे मला योग्य वाटले नाही. भाषा सोपी आहे आणि कुठेही मुलाला दोष दिलेला नाही. मुलगा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “आई, पण फोटो माझ्याकडे नसेलच तर? घाबरून मी तो आधीच डिलीट केला असेल तर?” या सेवेची खरी मर्यादा त्याच्या या प्रश्नात आहे. फोनवर फोटो नसेल तर ठसा कशाचा काढणार? समोरच्याने व्हिडिओ कॉल परस्पर रेकॉर्ड केला असेल, तर मुलाच्या हाती काहीच नसते. फोटो कातरला किंवा त्यावर चित्र चिकटवले, तर तो नवा फोटो ठरतो आणि त्याचा ठसा वेगळा काढावा लागतो. व्हॉट्सॲपसारख्या एन्क्रिप्टेड, म्हणजे तिसऱ्या कुणाला वाचता न येणाऱ्या संभाषणापर्यंत ही यादी पोचत नाही, आणि ज्या कंपन्या सहभागी नाहीत त्यांच्यावर तिचा काही अधिकार नाही. शिवाय इथे अर्ज केला म्हणजे पोलिसांत तक्रार झाली असे होत नाही. ती एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेकडे किंवा याच संस्थेच्या सायबर टिपलाइन या तक्रार नोंदवण्याच्या सेवेवर वेगळी करावी लागते.

म्हणूनच मुलाला हे सगळे धमकी येण्याआधी माहीत असायला हवे. घाबरलेले मूल सर्वांत आधी सगळे पुसून टाकते, मग पैसे पाठवते, आणि पैसे पाठवले की मागणी वाढत जाते. एफबीआयच्या आकडेवारीनुसार ऑक्टोबर 2021 ते मार्च 2023 या काळात पैशांसाठी अशा धमक्या दिल्याचे निदान 12,600 अल्पवयीन बळी नोंदले गेले, त्यांत बहुतांश मुलगे होते आणि निदान 20 जणांनी आत्महत्या केली. ही मुलगेच जास्त असल्याची बाब मराठी घरांत सांगायला हवी, कारण आपण सावध करतो ते मुलींना.

या बाबतीत शाळेने जे केले त्याने माझे समाधान झालेले नाही. कायद्याने सांगितलेली सूचना दिली गेली, पण ती ईमेलच्या पोटात, पालकांच्या नावे. माझ्या मुलाने ‘गॅव्हिन्स लॉ’ हे शब्द घरीच पहिल्यांदा ऐकले. वर्गात अर्धा तास देऊन, पैसे देऊ नकोस, काही पुसू नकोस, उत्तर देणे थांबव आणि मोठ्या माणसाला सांग, एवढे तरी मुलांशी समोरासमोर बोलायला हवे होते.

पालकांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगते. मुलाने सांगितलेच, तर तो फोटो स्वतःच्या फोनवर मागवून घेऊ नका आणि पुरावा म्हणून नातेवाइकांना पुढे पाठवू नका. असा फोटो पाठवणे हाच गुन्हा ठरू शकतो. ठसा मुलाच्याच फोनवर काढावा, आणि तेव्हा त्याच्याजवळ बसावे.

ही सेवा भारतातूनही वापरता येते, त्यामुळे नाशिकला माझ्या नणंदेला मी फोन केला, तिचा मुलगा दहावीत आहे. ती म्हणाली, “वहिनी, आमच्याकडे शाळेत यातलं अक्षरसुद्धा कुणी काढलेलं नाही.” वास्तविक भारतातल्या पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या 2020 च्या नियमांत मुलांसाठी वयानुरूप शैक्षणिक साहित्य तयार करायला सांगितले आहे आणि त्यात आभासी जगातल्या ओळखीचे रक्षण हा विषयही घेतला आहे. शाळेच्या पालकसभेत हा नियम दाखवून विचारणा करायचे तिने ठरवले आहे. तोवर तिने आपल्या मुलाच्या फोनमध्ये सायबर गुन्ह्यांसाठीचा 1930, बालकांसाठीचा 1098 आणि मन खचल्यास बोलण्यासाठी टेलिमानसचा 14416, असे तीन क्रमांक त्याच्याच हाताने साठवून घेतले, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बालकांविषयीची तक्रार नाव न सांगताही करता येते, हेही त्याला उघडून दाखवले.